फिरोजी मण्यावरचं रक्त

ताईच्या काचेचे मणी करायच्या खोलीत लोकांच्या गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्या फिरोजी मण्यांवर म्हणे रक्त उमटत होतं! मणी निवला की त्यावर लालभडक ओघळ दिसायचे. तिची थोरली लेक, माझी भाची, तापाने गेली, तेव्हापासून हे चाललेलं.

"लेक परत आलीय," गावातला मांत्रिक मणीबाबा डोळे मिटून घुमत होता. "धाकटीला औषध पाजाल तर ती रुसेल! हा मणी गळ्यात बांधा. बहीणच बहिणीला राखेल."

आतल्या खोलीत धाकटी तापाने फणफणली होती आणि डॉक्टरने दिलेली औषधाची बाटली कपाटात तशीच पडून होती. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, रक्तगट कोणता हो?" मी विचारलं.

"मास्तर, तुमचं विज्ञान शाळेत ठेवा!"

लोक खो खो हसले. मी ताईशेजारी जाऊन बसलो. समोरची काच वितळवायची ज्योत पिवळी, धुरकट होती.

"ताई, ज्योतीला हवा देणारा हा पायाचा भाता कोण मारतं?"

"मीच. आधी ती मारायची, मी मणी वळायचे. आता हातात काच असते आणि तिची आठवण आली की पाय थांबतो रे."

"आज मी मारतो. तू मणी कर."

मी भरभर भाता मारला. ज्योत निळी झाली, सरसरली. मणी निवला तो स्वच्छ फिरोजी. मग मी पाय हळू केला. ज्योत पिवळी पडली आणि पुढच्या मण्यावर आलेच लाल ओघळ.

"या काचेत तांबं असतं," मी म्हणालो. "हवा पुरली तर रंग फिरोजी राहतो, ज्योत घुसमटली की तांबं लाल होतं. बोला, किती रक्त काढून देऊ?"

"आत्म्याने मास्तरांचं ऐकलं!" बाबा ओरडला.

"म्हणजे आत्मा माझ्या पायाच्या हुकमात आहे म्हणा की!"

आता लोक बाबाला हसले. त्याने चपला शोधल्या आणि काढता पाय घेतला.

ताई हसली नाही. मणी मुठीत धरून म्हणाली, "म्हणजे ती आलीच नव्हती?"

"नाही ताई," मी म्हणालो.

"मी रोज बोलायचे रे तिच्याशी."

ती हमसून हमसून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. मग उठली, कपाट उघडलं आणि धाकटीला औषध पाजलं.

मायबापहो, आईचा दिलासा हिरावून घेताना मला काही आनंद झाला नाही. पण चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, हे झालं कसं? गेलेल्या लेकरासाठी पोटभर रडा. जितं लेकरू मात्र डॉक्टरकडेच न्या.