डावीकडून वाचलेलं पुस्तक

रुपालीला जपानी कार्टूनचं वेड लावलं ते कुंदनने, आणि कार्टून म्हटलेलं त्याला अजिबात खपायचं नाही. "ॲनिमे म्हण," असं दटावायचा. डिंडोलीतल्या त्या दीड खोलीत दोघं बहीणभाऊ एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून हिंदीत डब केलेले भाग बघत बसायचे. मालतीबाई, म्हणजे त्यांची माय, साडीवर खडे चिकटवता चिकटवता म्हणायची, "डोया फुटतीन तुमना." कुणाचे डोळे फुटले नाहीत. पण त्यांची आवडती मालिका ऐन रंगात आली असताना बंद पडली आणि रुपाली हिरमुसली.

"पुढचं सगळं पुस्तकात असतं," कुंदन म्हणाला. "मँगा म्हणतात. गोष्ट आधी तिथे येते, ॲनिमे मागाहून. तुला आणून देतो."

देतो, देतो करत महिने गेले. कुंदन बापाबरोबर बमरोलीला लूम्सच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात होता, त्याला सुट्टी ती रविवारची. मॉलमधली पुस्तकं प्लास्टिकमध्ये बंद आणि भाव विचारायची सोय नाही. शेवटी एका रविवारी तो बाहेर पडताना रुपाली दारात उभी राहून म्हणाली, "आज पुस्तक आणल्याशिवाय घरी येऊ नको हं." थट्टेतच म्हणाली. तोही हसला, चपला घातल्या आणि गेला.

संध्याकाळी नहेरेच्या, म्हणजे कालव्याच्या काठावर त्या चपला सापडल्या. कुंदन सापडला नाही, आणि पुढेही कधी सापडला नाही.

वर्ष झालं. आपण काय बोललो होतो ते रुपालीने कुणालाही सांगितलं नाही. तो शब्द घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा तिच्याजवळच राहिला. निंबाने, तिच्या बापाने, कणकेचा पुतळा करून दिवस घालू, असं दोनदा काढून पाहिलं. दोन्ही वेळा माय एकच बोलली, "मना पोऱ्या उना नही, पन गया बी नही." आला नाही, पण गेलाही नाही. पोलिसांनी दिलेल्या चपला तिने माळ्यावर ठेवल्या होत्या. रोज दुपारी ती कुंदनचं ताट वाढायची आणि तासाभराने उचलायची. स्वतः जेमतेम चार घास खायची.

वर्षभर रुपालीने फोनवर एकही भाग पाहिला नव्हता. मग एके दिवशी खडे आणायला म्हणून निघाली आणि पाय आपोआप हिलालकाकांच्या पस्तीच्या दुकानाकडे वळले. पस्ती म्हणजे रद्दी. हिलालकाका धुळ्याकडचे, आणि रद्दीत आलेल्या पुस्तकांना जपणारे. त्यांची एक खोड होती. दुकानात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला ते खाकी कागद चढवायचे, आणि तो निसटू नये म्हणून पहिलं आणि शेवटचं पान खळ लावून कव्हरला पक्कं चिकटवून टाकायचे.

"मँगा आहे का काका?"

"जपानी चित्रांचं ना? एकच आहे बाई. ते एका पोराने बाजूला ठेवायला सांगितलं होतं. पैसे कमी पडले, तर म्हणाला नहेरेपलीकडे दोस्त राहतो, त्याच्याकडून घेऊन आलोच. हसरा होता. बहिणीला पाहिजे म्हणाला. वर्ष झालं, आला नाही."

तो पोरगा कुंदनच. रुपालीने पैसे दिले. खाकी कव्हर दोन्हीकडून सारखंच. हिलालकाकांनी आपल्या समजुतीने एका बाजूला पेनने 'जपानी' लिहिलं होतं. तीच पुढची बाजू समजून रुपालीने पुस्तक उघडलं, डावीकडून, जसं आपण जन्मभर उघडतो तसं. वर्षानुवर्षं ॲनिमे पाहिलेली पोरगी, पण मँगा आजवर हातात घेतली होती कुठे? कुंदन असता तर पोट धरून हसला असता.

पहिलं पान सबंध काळं होतं. पाणी होतं ते. पुस्तकात बोलणं फारसं नव्हतंच, चित्रंच होती, त्यामुळे दहावीपर्यंतच्या इंग्रजीवर भागत होतं. काळं पाणी, मग त्यातून वर आलेला हात, मग खांदे, मग काठावर उभा असलेला एक मुलगा. त्याचं तोंड पाण्याकडेच होतं. पुढच्या पानांवर तो गवतातून, मग गल्लीतून घराकडे येत होता, पण पाठमोरा, मागे मागे पाऊल टाकत. चित्रकाराची काही तरी तऱ्हा असेल, असं रुपालीला वाटलं. दहा पानं वाचून तिने पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय साडी पसरून बसली असताना तिने पुढची दहा वाचली. मुलगा दारापर्यंत आला. उंबऱ्यापाशी चपला काढून ठेवल्याचं एक मोठं चित्र होतं.

तिने मान वर केली. त्यांच्या स्वतःच्या उंबऱ्यापाशी कुंदनच्या चपला होत्या. माळ्यावर ठेवलेल्या त्याच. ओल्याचिंब, आणि पुढचं टोक रस्त्याकडे.

माय घाबरली नाही. साडी बाजूला सारून ती उठली, चपलांवरून हात फिरवला. "कुंदन उना का?" असं दाराकडे बघून तिने अगदी मायेने विचारलं. त्या दुपारी माय पोटभर जेवली. वर्षाने पहिल्यांदा.

आता सांगा, असं झाल्यावर कोणती पोरगी वाचायचं थांबेल? रुपालीला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून मोठी आस होती. पुस्तक घरात आलं होतं. पुस्तक आणल्याशिवाय येऊ नको म्हणाली होती ना ती? मग आता तो यायला काय हरकत होती?

तिसऱ्या दिवशी पुस्तकातला मुलगा घरात शिरला. इकडे फरशीवर दारापासून चुलीपर्यंत ओली पावलं उमटली. रुपाली वाकून पाहू लागली. पावलं आत येत होती, पण बोटं साऱ्यांची दाराकडे. स्वयंपाकघरात माय कुणाशी तरी हळू बोलत होती. "लाजू नको. इकडे तोंड कर," म्हणत होती. आणि उत्तरादाखल घोगरा, नाकातोंडात पाणी गेल्यासारखा खोकला येत होता. रुपाली बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. आत बघायचं धाडस तिला झालं नाही.

चौथ्या दिवशी एकच पान उरलं. आदल्या पानावर मुलगा ताटापुढे पाठमोरा बसला होता. हे शेवटचं पान उलटलं की तो वळणार, त्याचा चेहरा दिसणार, हे रुपालीला पक्कं ठाऊक होतं. आत ताट सरकल्याचा आवाज झाला. तिने पानाचा कोपरा चिमटीत धरला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पाण्याचा ओघळ आला. फरशीवरून सरळ तिच्या मांडीपाशी आला आणि पुस्तकाखाली शिरला. तिने झटकन पुस्तक उचललं. 'जपानी' लिहिलेल्या बाजूची खळ भिजून सुटली होती, आणि कव्हरला चिकटलेलं पान मोकळं झालं होतं. त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत छापलं होतं: थांबा. ही गोष्टीची शेवटची बाजू आहे. हे पुस्तक उजवीकडून सुरू होतं.

रुपालीने ते दोनदा वाचलं. गोष्ट पाण्यातून घरी येणाऱ्या मुलाची नव्हती. घरातून उठून पाण्याकडे गेलेल्या मुलाची होती. म्हणून तो पाठमोरा. म्हणून चपलांची टोकं बाहेर. कुंदन येत नव्हताच. त्याला मागे ओढलं जात होतं, आणि ओढणारी ती होती.

"माय," ती ओरडली, "माय, मी उलटं वाचलं."

मालतीबाई दारात आली. हातात कुंदनचं ताट होतं, जसं वाढलं तसं भरलेलं. चेहरा पांढराफटक.

"तो जेवस नही रुपा," ती म्हणाली. "दोन दिन झाले, नुसता बसस. हात थंडगार शेत त्याना. म्हनस, माय, मनं तोंड तिकडे शे. माले जाऊ दे."

"मग काय करू?"

"वाच. जसं वाचाले पाहिजे तसं वाच. मी बठस तुनाजोडे."

माय तिच्याशेजारी बसली. रुपालीने पुस्तक उलटं फिरवलं आणि उजवीकडून उघडलं. भरल्या घरात जेवणारा मुलगा. तिने ते पान झरकन उलटलं, कारण चेहरा बघवेना. मुलगा ताटावरून उठला. आत पाट सरकला. मुलगा दाराशी आला, आणि त्या दोघींच्या अंगावरून गार, शेवाळाचा वास असलेला वारा गेला. मायने रुपालीचं मनगट घट्ट धरलं होतं, पण थांब म्हणाली नाही. चपला. गल्ली. गवत. काठ. खांदे, हात, आणि मग ते सबंध काळं पान. रुपालीने पुस्तक मिटलं तेव्हा उंबऱ्यापाशी चपला नव्हत्या. माळ्यावरही नव्हत्या.

माय उठली. मग तिने तेच भरलेलं ताट उचललं आणि जिना चढून गच्चीवर गेली. रुपाली पाठोपाठ गेली. कठड्यावर ताट ठेवून माय मागे सरली, तेव्हा कुठे रुपालीला कळलं की माय त्याला गेला म्हणते आहे.

कावळा लगेच आला, पण शिवेना. ताटाभोवती दोन उड्या मारल्या आणि लांब जाऊन बसला. "तुना बाले मी संभाळसू," माय त्याच्या बापाची हमी देत म्हणाली. कावळा हलला नाही. "रुपानं लगीन चांगलं करसू." नाही. उन्हाने भात सुकायला लागला. त्याचं काय राहिलं असेल, ते मायला सुचेना.

रुपालीला ठाऊक होतं. तिने छातीशी धरलेलं ओलं पुस्तक पुढे केलं.

"दादा, मीच म्हणाले होते, पुस्तक आणल्याशिवाय घरी येऊ नको," ती म्हणाली. माय शेजारी उभी राहून ऐकत होती. "मिळालं मला. वाचलं, उजवीकडून, पूर्ण. आता तू रिकाम्या हाताने जा."

कावळ्याने मान तिरपी करून तिच्याकडे पाहिलं. मग कठड्यावरून पुढे सरकत आला आणि भाताला चोच लावली. मायने रुपालीला जवळ ओढलं, आणि वर्षभर न रडलेली ती बाई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली.