नामगुंगसाहेबांची लिंक

कोरियातल्या चांगवॉनमधल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत संगणकांची राखण प्यो हेजिनकडे होती. राखण कसली, कुठल्याही लिंकवरची फाइल उतरवून घेऊ नका म्हणून रोज कानीकपाळी ओरडायचं, आणि लोकांनी ती खुशाल उतरवून घ्यायची. शेवटी वसंतात तिने चाचणी घेतली. 'आईचं निधन झालं, अंत्यविधीची माहिती सोबतच्या लिंकवर' असा खोटा मेल सगळ्यांना धाडला. निधनवार्ता न उघडता बाजूला सारणारा माणूस त्या मुलखात सापडणं कठीण. निम्मं ऑफिस फसलं. कुणाच्या तरी आईला फुकट मारलं म्हणून लोक तिच्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत, पण धडा पक्का बसला. लिंकला हात लावायचा नाही, आधी पाठवणाऱ्याला फोन करायचा.

म्हणूनच बुधवारी सकाळी काही जणांनी एक मेल संशयास्पद म्हणून आपणहून तिच्याकडे आणला, तेव्हा तिला कोण आनंद झाला. पत्ता खाजगी, फाइलचं नाव 'निधनवार्ता', पाठवणारे म्हणे भांडारप्रमुख नामगुंग. ज्यांना प्रिंटरमध्ये कागद घालता येत नाही, ते लिंक पाठवणार? भामट्यांनी नाव तरी जरा बघून निवडायचं. तिने लिंक बंद केली आणि सगळ्यांना कळवलं, मेल खोटा होता, एकानेही लिंक उघडली नाही, शाबास.

गुरुवारी दुपारी ती भांडारात गेली, तर नामगुंगसाहेबांची खुर्ची रिकामी. शेजारचा दोयुल म्हणाला, आई आजारी आहे म्हणून रजेवर आहेत. हेजिनला कालचा मेल आठवला. मेल आल्यावर त्यांना फोन केलास का, असं तिने विचारलं.

"कशाला? खोटा आहे म्हणून तुम्हीच कळवलंत ना, ताई."

फोन तर तिनेही केला नव्हता.

आणि माणूस कोण, तर नामगुंगसाहेब. ऑफिसात कुणाच्याही घरी मयत झाली की सगळ्यांच्या आधी पोचणारे आणि आलेल्यांचे बूट दारात ओळीने लावत बसणारे. जिन्यात जाऊन तिने फोन लावला. तो लगेच उचलला गेला.

"साहेब, मी प्यो. तुमचा मेल..."

"मिळाला ना? भाच्याने करून दिला गं, मला कुठलं जमतंय." त्यांच्या मागे अगदी सामसूम होती. "लोक कामात असतील. उद्या सकाळी आईला नेतोय. तू धावपळ करू नकोस."

हेजिनला रडू आलं. मेल पाठवण्यात अर्थ नव्हता, तिनेच तर विश्वास ठेवू नका म्हणून शिकवलं होतं. ती एकेकाला फोन लावत सुटली आणि प्रत्येकाला सांगत गेली की चूक माझी आहे, मी न विचारताच खोटं ठरवलं. दोयुलला तर तरीही पटेना.

"ताई, ही पण चाचणीच ना?"

"तुझ्याकडे साहेबांचा नंबर आहे. फोन कर आणि त्यांनाच विचार."

संध्याकाळी अंत्यदर्शनाच्या हॉलमध्ये नामगुंगसाहेब काळ्या सुटात आईच्या फोटोपाशी एकटेच उभे होते. येणाऱ्यांच्या जेवणासाठी मांडलेली टेबलं तशीच रिकामी होती. हेजिनने फोटोपुढे दोनदा माथा टेकला, मग त्यांच्यापुढे वाकली, आणि जे घडलं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लिंक उघडली नाहीत ते बरोबरच केलंत," ते म्हणाले. "फक्त काल दिवसभर फोन हातात धरून बसलो होतो. वाटलं, एखादा तरी विचारेल."

तेवढ्यात दारात दोयुल दिसला, त्याच्यामागे हिशेब विभागातले, मग कारखान्यातले. पातेल्यातला रस्सा वाढला जाऊ लागला, टेबलं भरली, बोलणी सुरू झाली. दारात बुटांचा ढीग पडला. सवयीने नामगुंगसाहेबच तिकडे निघाले, तशी हेजिनने त्यांची बाही धरली. त्यांना फोटोपाशी परत उभं करून ती दारात खाली बसली आणि बूट ओळीने लावू लागली.