छातीत दोन, मनगटात एक

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर दर रविवारी एक अजब खेळ चालायचा, आणि पूर्णिमाला अलीकडं त्या खेळाची धास्तीच बसली होती. पन्हाळ्यापर्यंत पळत जाऊन आलेली मंडळी जरा टेकली, घाम वाळला की निवृत्त पीटी मास्तर पिराजीराव एकेकाची नाडी मोजायचे. ज्याची सगळ्यांत कमी, त्याला बाकीच्यांनी धारोष्ण दुधाचा पेला पाजायचा. नाडी कमी म्हणजे काळीज तगडं, असा या गड्यांचा हिशोब. पळणाऱ्याची नाडी संथ असते हे खरं, पण म्हणून तिच्यावर पैज लावायची? आमच्या कोल्हापुरात कशाचीही ईर्षा लागते, त्याला कोण काय करणार!

पूर्णिमाचा नवरा सम्राट ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवायचा आणि उरलेला सगळा वेळ पळायचा. आधी दहा किलोमीटर, मग बेचाळीस, मग शंभर. आता गगनबावड्याची शर्यत तोंडावर आली होती. कोल्हापुरातून निघायचं, घाटमाथा गाठायचा आणि पळतच परत यायचं. पूर्णिमा पाण्याच्या बाटल्या घेऊन स्कूटरवरून मागं असायची.

"पस्तीस," पिराजीरावांनी सम्राटचं मनगट सोडलं. "लेका, घोड्याचं काळीज हाय तुझं. पाजा रे ह्याला."

"भावा, आमची साठाच्या खाली येईना आन तू पस्तीस," सोबत पळणाऱ्या आरिफनं पेला पुढं केला. सगळे हसले. सम्राटही हसला, पण त्याचे ओठ राखेसारखे दिसत होते. आज पन्हाळ्याच्या चढावर तो दोनदा रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता, हे पूर्णिमानं मागून बघितलं होतं. बुटाची नाडी बांधतोय असं त्यानं भासवलं. पठ्ठ्या, चढावर दोनदा नाडी सुटते होय रे?

उन्हाळ्यात त्याला चक्कर आली तेव्हा ती त्याला डॉक्टरकडं घेऊन गेली होती. डॉक्टर शांतपणे बोलले होते. रोजचं पळणं हृदयाला चांगलंच, पण वर्षानुवर्षं तासन्‌तास पळलं की काहींच्या हृदयाचे कप्पे ताणले जातात, स्नायूवर व्रण पडतात आणि ठोक्यांची लय बिघडते. सगळ्यांचं होत नाही, तुमचं होतंय की काय ते बघायला हवं. काही महिने थांबा, तपासण्या करू. सम्राट मान डोलावून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून बाहेर पडला.

त्याच रविवारी दुपारी जेवून तो सोप्यात चटईवर आडवा झाला होता. पूर्णिमा शेजारी बसली. तिच्यानं राहवेना. तिनं त्याच्या छातीवर कान ठेवला आणि पिराजीरावांसारखी मनगटावर बोटं टेकवली. छातीत दोन ठोके पडले. बोटांना एकच लागला. पुन्हा छातीत दोन, मनगटात एक. दुसरा ठोका अर्धवटच पडत होता, त्यातलं रक्त हातापर्यंत पोचतच नव्हतं. म्हणजे पस्तीस कसले? निम्मे ठोके वाया जात होते आणि ही माणसं त्यावर दूध पाजत होती! पूर्णिमानं त्याला गदागदा हलवलं.

"अवो, उठा. छातीत काय चाललंय तुमच्या?"

सम्राटनं डोळे उघडले. तो झोपलेला नव्हताच. "म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "महिना झाला. आत मासळी तडफडल्यागत होतंय."

"आन तुमी गप्प बसलाय? पोरीचं तरी तोंड बघायचं."

"सांगितलं असतं तर पळणं बंद झालं असतं की. तेवढी गगनबावड्याची होऊ दे. मग जाऊ डॉक्टरकडं."

तिला संताप आला. ओरडावं, बूट गटारात फेकावेत असं वाटलं. पण ती ओरडली नाही. तिनं त्याचा एक तळवा त्याच्याच छातीवर दाबला, त्याच्याच दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या गळ्याच्या शिरेवर टेकवली आणि म्हणाली, "मोजा. मास्तरांनी लई मोजलं, आता तुमी मोजा."

तो मोजू लागला. थोड्या वेळानं त्याचे ओठ हलायचे थांबले. कपाळावर घाम फुटला. हात मात्र त्यानं काढला नाही.

"गाडी काढ," तो म्हणाला.

पोरीला शेजारच्या नसरीनभाभींकडं सोडून पूर्णिमानं स्कूटर काढली. सम्राट मागं बसला आणि दोन्ही हातांनी तिला धरून पाठीला चिकटला. त्याची छाती तिला पाठीत जाणवत होती. दोन ठोके, मग पोकळी. दोन ठोके, मग आणखी मोठी पोकळी. त्या पोकळीत ती श्वास धरून पुढच्या ठोक्याची वाट बघायची.

"बोलत ऱ्हावा," ती म्हणाली. "कायबी बोला, पर बोलत ऱ्हावा."

चौकात लाल दिवा लागला होता आणि पुढं गाड्यांची रांग होती.

"पूर्णिमा, मला लई भ्या वाटतंय," तो तिच्या कानाशी म्हणाला. "जोरात चालव."

इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला. तिनं हॉर्नवरचा अंगठा उचललाच नाही आणि गाडी रांगेच्या कडेनं तशीच पुढं काढली.