जिन्यातली पावलं

पाच वाजेपर्यंत मी एकाच बाईंना दात दाखवायला यायच्या दोन वेगवेगळ्या वेळा दिल्या, एका आजोबांना रविवारी बोलावलं, जेव्हा आमचा दवाखाना बंद असतो, आणि समोर बसलेल्या एका बस-ड्रायव्हरच्या केसपेपरवर वयाच्या रकान्यात त्यांचा फोन नंबर लिहिला. त्यांनी तो वाचला आणि सुजलेल्या गालातून म्हणाले की एवढं जगायची त्यांची इच्छा नाही. एरवी मी खो खो हसले असते. आज नुसतं खोडलं आणि वर लिहिलं.

चित्त थाऱ्यावर राहणार कसं? समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, टीव्हीवर सिनेमाच्या पुरस्कारांचा सोहळा होता, आणि त्यात माझ्या धाकट्या बहिणीला नामांकन होतं.

ती नटी वगैरे नाही. सिनेमाला आवाज पुरवते. बोलण्याचे नव्हे, पावलांचे, दारांचे, कपड्यांच्या सळसळीचे. पडद्यावर कोणी चाललं की ही एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, तशाच चपला घालून चालते. लहानपणी हिने एक सिनेमा धड जागं राहून पाहिला नाही. मी शाळा बुडवून मॅटिनी पाहिल्या, आईला कधी पत्ता लागू दिला नाही, नटनट्यांचे वाढदिवस पाठ केले. सिनेमात ती गेली आणि मी दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटचे नंबर लावते. मला याचं वाईट वाटतं. कशाला लपवू?

आमचं नऊ महिने बोलणं नव्हतं. भांडण झालं ते माझ्या लाडक्या नटीवरून. तिच्या नव्या सिनेमाच्या शेवटी घर सोडून गेलेली मुलगी, म्हणजे तीच, परत येते. ती दिसतच नाही, दिसतं फक्त आतून बंद असलेलं दार. बाहेर जिन्यावर पावलं वाजतात. तीन पायऱ्या भरभर, मग थांबते, मग उरलेल्या एकेक करत, सावकाश. आणि तिने दार वाजवायच्या आत आतली कडी निघते. मी चार वेळा पाहिला आणि चारही वेळा तिथे हमसून हमसून रडले. धाकटीला फोन करून म्हणाले, नुसत्या चालण्यात काय जीव ओतलाय माझ्या बाईने. तर ही थंडपणे म्हणते की ती पावलं त्या बाईची नाहीतच, तिने केलेली आहेत.

माझं डोकंच फिरलं. "ती पडद्यावर राबते, आणि तू कोपऱ्यात चपला आपटून तिचं श्रेय लाटतेस," मी म्हणाले.

"अगं, पुढचं तरी ऐक," ती म्हणत होती. मी फोन ठेवला.

तेव्हापासून आई बिचारी दोघींचे निरोप पोचवत होती. नामांकनाचंही तिच्याकडूनच कळलं. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि त्या दिवसापासून मला चैन पडेना. शेवटी मनाशी ठरवलं की पुरस्कार मिळाला तर फोन करायचा, अभिनंदनाच्या निमित्ताने बोलणं सुरू होईल. नाही मिळाला तर मात्र कठीण होतं. जिच्या कामाला मी नावं ठेवली, तिची समजूत घालायला मी कोणत्या तोंडाने जाणार? म्हणजे माझी बहीण मला परत मिळणार की नाही, ते परीक्षकांच्या हातात होतं.

आमच्याकडे टीव्ही लावायचा, पण आवाज बंद, असा डॉक्टरांचा नियम आहे. खाली बसायची खोली, वर त्यांची, मधे बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. केसपेपर घेऊन तो मी दिवसातून तीस-चाळीस वेळा चढते. मी दारात पोचायच्या आतच डॉक्टर, पेशंटच्या तोंडातून मान वर न काढता, विचारतात, "बोला ताई, पुढचं कोण?" चौदा वर्षं हेच चाललंय.

सव्वापाचला पडद्यावर कानाचं चित्र आलं, म्हणजे ध्वनीचा पुरस्कार. एकेक नामांकन, एकेक तुकडा. मग सभागृहात बसलेली धाकटी दिसली. केस कापलेत, वाळलीय, आणि ओठ चावतेय, परीक्षेला निघताना चावायची तसा. पुढच्या क्षणी ते बंद दार आलं.

"नुसतं दारच दाखवतायत की," ड्रायव्हर म्हणाले.

मला ते सहन झालं नाही. तिचं सगळं काम ऐकायचं, आणि इथे सगळे मुक्या दाराकडे बघतायत. मी रिमोट उचलला आणि अंगठा दाबून धरला. चांगला जास्तच दाबला गेला. पावलांनी खोली भरली. तीन भरभर. थांबली. मग सावकाश, एकेक.

वर दाताचं मशीन बंद झालं.

"बोला ताई, पुढचं कोण?" डॉक्टरांनी वरून विचारलं.

मी टीव्हीखाली उभी होते. ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"ताई, आलात ना वर?"

रोज तीन पायऱ्या भरभर चढल्यावर मी थांबते, केसपेपर बरोबर घेतलाय ना ते बघायला. मग उरलेल्या हळू चढते. यात ऐकण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. टीव्हीवर पाकीट फोडलं आणि कुणा दाढीवाल्याचं नाव घेतलं. तो उठून सगळ्यांना मिठ्या मारत सुटला. "गेलं," ड्रायव्हर म्हणाले, त्यांचंच काहीतरी गेल्यासारखे. माझ्या हातात तोवर फोन होता. काय ठरवलं होतं ते आठवलंसुद्धा नाही.

तिसऱ्या रिंगला तिने उचलला. "हरले गं," ती म्हणाली. मधले नऊ महिने जसे नव्हतेच.

"ते असू दे. जिन्यावर कोण आहे?"

मागच्या टाळ्या हळूहळू कमी झाल्या. ती बाहेर आली असावी.

"तेच सांगत होते तुला तेव्हा. दोन दिवस चालून चालून मला ती मुलगी सापडेना. मग तुझी चाल घेतली. मॅटिनी बघून यायचीस ना, तेव्हाची. तीन पायऱ्या पळत, मग आई जागी असली तर काय थाप मारायची ते ठरवायला थांबायचीस, मग चोरासारखी हळूहळू वर."

डोळे गळायला लागले. दवाखान्यात, पेशंटसमोर. ड्रायव्हरांनी त्यांचा कापूस पुढे केला, मी तो घेतला.

"आणि कडी?" मी विचारलं.

"कडी मीच काढायचे ना," ती म्हणाली. "तू वाजवलं असतंस तर आई उठली असती."