पुढचा भाग, मागचा भाग

पहिल्याच ओळीत बर्फ पडत होता, आणि बाइंडरला तर जहाज हवं होतं.

त्याने पान उलटलं. तिथेही बर्फच. दोराला लटकलेली तीन माणसं, वर कडा, खाली दरी. अख्खा आठवडा त्याच्या डोक्यात समुद्र होता. जहाज खडकावर आपटलं होतं, खलाशी कप्तानाला कोठीत कोंडून होड्या घेऊन पळाले होते आणि कोठीत गुडघ्यापर्यंत पाणी चढलं होतं. आता जेवणाची सुट्टी झाल्या झाल्या डबा बाजूला सारून तो वाचायला बसला, तर समुद्राचा पत्ताच नाही. त्याने पुस्तक मिटून वरचं खाकी कव्हर पाहिलं. त्यावर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: ‘जहाज. मागचा भाग.’

चूक त्याचीच होती. एकाच दिवशी त्याने दोन पुस्तकं कापली होती आणि चिठ्ठ्या डकवताना अदलाबदल केली होती. ग्रंथालयाच्या तळघरात एकतीस वर्षं पुस्तकं शिवणाऱ्या माणसाला हे काही शोभणारं नव्हतं. तो स्वतःशीच हसला, आणि हसता हसता थांबला. हा भाग दादाने आठवडाभर ठेवून घेऊन कालच परत दिला होता. नुसता दिला नव्हता, वर म्हणाला होता, “शेवटी जहाजाचं जे होतं ना, ते वाचच तू. मी नाही सांगणार.”

या पुस्तकात जहाज नव्हतंच. होडीसुद्धा नव्हती.

पुस्तकं कापायची ही खोड दोघा भावांची, आणि तिला वीस वर्षं तरी झाली असतील. ग्रंथालयातून बाद झालेल्या साहसकथा बाइंडर घरी न्यायचा. दोघांनाही एकाच वेळी वाचायची घाई, आणि वाट बघणं हे दोघांच्याही रक्तात नाही. शेवटी भांडणाला कंटाळून बाइंडरने एक दिवस सुरी घेतली, मधल्या फर्म्याशी, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांच्या मधल्या जुडीशी, शिवण कापली आणि पुस्तकाचे दोन भाग केले. दादा मोठा, म्हणून पुढचा भाग आधी त्याला. तो मागच्या भागावर गेला की पुढचा धाकट्याला. दोघांचं वाचून झालं की बाइंडर दोन्ही भाग पुन्हा शिवायचा, पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तक फळीवर ठेवायचा. म्हणजे दादा जन्मभर अर्धं पुस्तक पुढे, आणि बाइंडर जन्मभर त्याच्या मागे लागलेला, की पुढे काय होतं ते सांग. दादाने एकदाही सांगितलं नाही. ओठ मिटून असा काही हसायचा की धाकट्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

दादा बस डेपोत मेकॅनिक होता. वहिनी गेली, मुलगी लग्न होऊन गेली, आणि दोन खोल्यांत हे दोन भाऊ उरले. बाइंडरने लग्न केलंच नव्हतं. का नाही केलं, हे विचारणारीही माणसं आता राहिली नव्हती. पुतणीने शाळेत असताना हट्टाने घेतलेलं, टीव्हीला जोडायचं फुटबॉलच्या खेळाचं यंत्र तिच्या मागे घरातच राहिलं, आणि ते या दोघांच्या हाती लागलं. मग काय, कामावरून आलं की हातपाय धुवायचे, एकाने चहा टाकायचा, दुसऱ्याने टीव्ही लावायचा, आणि दोघांनी एकेक रिमोट घेऊन पलंगावर बसायचं. दादाचा संघ निळा, धाकट्याचा पांढरा. खेळाचं वर्णन करणारा माणूस कुठल्याशा भाषेत बोलायचा, त्यातला ‘गोल’ एवढाच शब्द यांना कळायचा, आणि तेवढा पुरायचा. दादा चेंडू कुणाला म्हणून द्यायचा नाही. एकटाच पळत सुटायचा. बाइंडर म्हणायचा, अरे तुझी बाकीची दहा माणसं काय मैदानात गवत उपटायला आली आहेत का? पिकल्या केसांच्या दोन माणसांचा हा आरडाओरडा ऐकून शेजारची बाई दार वाजवायची, आणि दोघंही चोरी पकडल्यासारखे गप्प व्हायचे.

अडतीस सामन्यांची स्पर्धा त्यांनी लावली होती. एकतीस झाले होते. बत्तिसाव्याच्या आधी दादा न्हाणीघरात पडला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, आणि पुतणी त्याला आपल्या घरी घेऊन गेली. तिने काकालाही या म्हटलं होतं. काका नाही म्हणाला, आणि तिनेही फार आग्रह केला नाही, कारण तिच्या घरातही दोनच खोल्या होत्या.

तेव्हापासून आठ महिने बाइंडर दर रविवारी दोन बस बदलून दादाकडे जायचा. एक भाग द्यायचा, एक भाग आणायचा. संध्याकाळी घरी तो एकटा यंत्राशी फुटबॉल खेळायचा, पण तो वेगळा डाव लावून. त्या स्पर्धेला त्याने बोट लावलं नव्हतं. यंत्राशी खेळताना तो बऱ्याचदा जिंकायचा. जिंकल्यावर पलंगाच्या दुसऱ्या टोकाकडे बघायची सवय मात्र जात नव्हती. आपण अगदीच एकटे नाही, पुस्तकात दादा आपल्या पुढे कुठेतरी आहेच, या एका गोष्टीवर त्याचा आठवडा ढकलला जायचा.

आता त्याने डबा तसाच बंद केला. आधी त्याला राग आला. दादाने बेमालूम आपल्याला बनवावं? मग एकेक रविवार आठवायला लागला. “झकास आहे.” “वाच तू.” “मी नाही सांगणार.” आठ महिन्यांत दादा याच्यापुढे गेलाच नव्हता. कुठल्याच गोष्टीतल्या एकाही माणसाचं नाव त्याच्या तोंडून आलं नव्हतं. म्हणजे ही सगळी पुस्तकं आपण एकट्यानेच वाचली, हे बाइंडरच्या ध्यानात आलं, आणि तळघरातल्या त्या ओळखीच्या खोलीत, खळीच्या वासात, त्याला एकदम फार एकटं वाटलं.

बुधवारी त्याने पुतणीला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने विचारलं, दादा वाचतो ना? ती म्हणाली की बाबांना अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. पडल्यापासूनच. चिठ्ठीवरचा मोठ्या अक्षरातला एखादा शब्द तेवढा ते अर्धा तास झगडून लावतात. वर्तमानपत्र नुसतं धरून बसतात.

“मला सांगायचं नाहीस होय?”

“त्यांनी शपथ घातली होती, काका. म्हणाले, पुस्तकं नसली तर धाकटा इतक्या लांब येऊन करणार काय? यायचा बंद होईल.”

बाइंडरने फोन ठेवला आणि बराच वेळ हातातली दाभण टेबलावर टोचत बसला. दादा आपल्यापुढे खोटा पडता कामा नये, एवढंच त्याच्या मनात होतं. चिठ्ठीची चूक सांगितली तर दादा उघडा पडेल. नाही सांगितली तर दर रविवारी त्याला तेच नाटक करावं लागेल, त्या जड जिभेने. डेपोतल्या सगळ्या बसगाड्या नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा माणूस. त्याने अर्धा अर्धा तास एका शब्दाशी झगडायचं, ते कशासाठी, तर भावाने यावं म्हणून.

रविवारी दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पुतणीने त्याची दाढी करून दिली होती. बाइंडरने पिशवीतून भाग काढला. या वेळी तो खरा जहाजाचा होता.

“हा तर माझा झालाय,” दादा चिठ्ठी निरखून म्हणाला.

“माझाच राहिलाय,” बाइंडर म्हणाला. “घसा धरलाय माझा. दिवसभर तळघरात कुणाशी बोलणं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर मोठ्याने वाचा, नाहीतर आवाज जाईल.”

“कुठले डॉक्टर?”

“आहेत एक.”

दादाने त्याच्याकडे पाहिलं. धाकट्याला खोटं बोलता येत नाही हे त्याला पन्नास वर्षं ठाऊक होतं. बाइंडरने नजर चुकवून पान उघडलं.

“तू वाचलेलंच आहेस, कंटाळशील. पण घरी भिंतींना काय वाचून दाखवू?”

“वाच,” दादा म्हणाला. “मला कुठे जायचंय?”

बाइंडर वाचायला लागला. त्याआधी त्याने बेरकीपणे पुढच्या भागात काय काय झालं होतं तेही सांगून टाकलं, आपल्यालाच आठवण राहत नाही असं म्हणून. कप्तान कोठीत होता. पाणी छातीपर्यंत चढलं. त्याने दाराच्या बिजागरीत सुरीचं पातं घातलं आणि पातं मोडलं. पुतणी भाजी निवडता निवडता थांबली होती. दादाचा चेहरा खिडकीकडे होता, डावा हात मांडीवर होता आणि अंगठा नकळत हलत होता, रिमोटवर हलायचा तसा. पाणी हनुवटीला लागलं. तेवढ्यात वर डेकवर कुणाच्या तरी पावलांचा आवाज झाला.

इथे बाइंडरचा घसा खरोखरच कोरडा पडला. तो उठला, माठातून पाणी घेतलं, प्यायला.

“पुढे काय होतं?” दादाने विचारलं.

खिडकीकडे बघतच विचारलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. बाइंडर भांडं हातात धरून तसाच उभा राहिला. या क्षणाची त्याने किती वर्षं वाट पाहिली होती. आपल्यालाही कधीतरी ओठ मिटून हसता येईल, म्हणता येईल, मी नाही सांगणार. त्याला काही हसू आलं नाही. तो खुर्चीत येऊन बसला, पान सापडेना म्हणून दोन वेळा चाळलं, आणि पुढे वाचायला लागला.

निघताना दादाने त्याची बाही धरली.

“आपली स्पर्धा कितीवर आहे?”

“सोळा-बारा. तू पुढे. तीन बरोबरीत.”

“तिला हात लावू नकोस.”

“नाही लावत.”

“आणि घशाला जप,” दादा म्हणाला, आणि बाही सोडली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत बाइंडरने बाद पुस्तकांच्या ढिगातून एक जाडजूड साहसकथा काढली. वाळवंट, उंट, हरवलेला नकाशा. त्याने ती टेबलावर ठेवली, मधला फर्मा शोधला आणि शिवणीवर सुरी टेकवली. थोडा वेळ ती तशीच टेकवून ठेवली. मग सुरी पुसून खणात टाकली, आणि अख्ख्या पुस्तकाला एकच खाकी कव्हर घातलं. चिठ्ठीवर ‘वाळवंट’ लिहिलं. पुढे पूर्णविराम दिला, आणि सवयीने पेन तसंच धरून बसला. आणखी लिहिण्यासारखं काही नव्हतं.