दलदलीचा कायदा

मंत्रिपदाचा राजीनामा जाहीर करायला बेलार्दी सभागृहाकडे निघाले, तेव्हा सरकारातल्याच दुसऱ्या एका गटाचा नेता तोस्काती याने त्यांना संसदेच्या जिन्यावरच अडवलं.

"वेडा झालास? चार पक्षांची मोट बांधून कसंबसं उभं राहिलेलं सरकार. तू बाहेर पडलास की आजच कोसळेल."

"माझ्या मतदारसंघात संपकरी मजुरांवर गोळ्या झाडल्या, तोस्काती. आपल्याच सरकारच्या शिपायांनी. आणि मी मंत्री म्हणून मिरवू?"

"मग तुझ्या दलदलीच्या कायद्याचं काय? पुढच्या आठवड्यात मंजूर होतोय."

बेलार्दी थबकले. जमीनदारांना दलदल उपसायला लावणारा तो कायदा. त्याच्याच आशेने ते या सरकारात आले होते. दक्षिण इटलीत त्यांच्या पुलिया प्रांतातली गावंच्या गावं दलदलीतल्या डासांमुळे हिवतापाने कुडकुडत होती.

जिन्याच्या पायथ्याशी काळी शाल पांघरलेली इंकोरोनाता उभी होती. गोळीबारात तिचा नवरा गेला होता. मंत्र्याला गाठायला ती थेट रोमला आली होती. बेलार्दी तिच्याजवळ गेले.

"बाई, मी सरकार सोडतोय. तुमच्या नवऱ्यासाठी."

"त्याला काय त्याचं आता?" ती म्हणाली. "तुमचा जीव हलका होईल एवढंच. माझी पोरगी तापाने अंथरुणाला खिळलीय, साहेब. ती दलदल कोण उपसणार?"

बेलार्दींनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आत गेले.

गोळीबारानंतर मांडलेल्या विश्वासदर्शक ठरावावर एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. बेलार्दी उठले.

"सरकारच्या बाजूने."

ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सचिवांनी पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा ते स्पष्ट बोलले, तसे डाव्या बाकांवरचे त्यांचे जुने सोबती ओरडले, "खुनी! खुर्चीला चिकटलेला!" बेलार्दी मान खाली घालून बसले.

बऱ्याच वेळाने तोस्कातीचं नाव आलं.

"विरोधात."

बेलार्दींनी झटकन मान वर केली. तोस्काती त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याच्या गटातले बाकीचेही तेच म्हणाले. सरकार पडलं.

बाहेर तोस्कातीभोवती गराडा पडला होता. नव्या मंत्रिमंडळात त्याची वर्णी लागणार, हे कुणी लपवतही नव्हतं; बेलार्दी आधीच बाहेर पडले असते, तर त्याच्या मतांना ही किंमत आली नसती. इंकोरोनाता गर्दीतून वाट काढत बेलार्दींपाशी आली.

"काय झालं, साहेब?"

"सरकार गेलं."

"आणि कायदा?"

"आता नव्या सरकारच्या हाती."

"मग कुणाला धरायचं?"

बेलार्दींनी तोस्कातीकडे पाहिलं. मग तिला घेऊन ते गराड्यात शिरले. त्यांना येताना पाहून तोस्कातीचं हसू मावळलं; तो एक पाऊल मागे सरला.

बेलार्दींनी टोपी काढली.

"तोस्कातीसाहेब," ते म्हणाले, "या बाई पुलियाहून आल्यात. यांचं जरा ऐकून घ्याल?"