सगळ्यांना उठवणारी फाईल

मित्रांनो, मी एक जुनी फाईल आहे. कागदाची नव्हे, संगणकातली. आम्हाला धूळ चढत नाही, वाळवी लागत नाही. म्हणून आम्ही दमतही नसू, असं तुम्हाला वाटेल. पण मी फार दमले होते. आता जरा विसावा मिळाला आहे, तेव्हा माझी हकीकत सांगते.

माझा जन्म दुसऱ्या मजल्यावरच्या एका लहानशा ऑफिसात झाला. पाच टेबलं, एक फळा आणि सतत कुरकुरणारा पंखा, एवढाच तिथला थाट. तिथली मंडळी रक्तपेढ्यांसाठी एक वेबसाइट चालवत. शहरातल्या एकोणीस रक्तपेढ्यांपैकी कुठे कोणत्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, ते तिच्यावर दिसे. घरात कुणाचं ऑपरेशन निघालं की लोक आधी ते पान उघडत आणि मग धावत सुटत.

मला लिहिलं ताईने. ती काही वयाने सगळ्यांत मोठी नव्हती, पण सगळे तिला ताईच म्हणत. कारण स्टेपलरपासून पासवर्डपर्यंत कोणतीही गोष्ट कुठे आहे, ते फक्त तिलाच ठाऊक असायचं. 'ताईला विचार' हे त्या ऑफिसचं ब्रीदवाक्यच होतं. घरूनही दिवसाला चार फोन यायचे. भावाला स्वतःचे मोजे सापडत नसत, तेही तो ताईला फोन करून विचारी.

त्या वेबसाइटचे सुटे भाग एकाच पॅकेजमध्ये, म्हणजे कोडच्या एका गठ्ठ्यात, ठेवलेले होते. बटण एका फाईलमध्ये, तारीख दुसरीत, नकाशा तिसरीत. कुठल्याही पानाला बटण हवं असेल, तर त्याचा लांबलचक पत्ता लिहून ते मागवावं लागे. अशा मागवण्याला ही मंडळी इम्पोर्ट म्हणत. पत्ते लिहून लिहून सगळे कावले होते. तेव्हा ताईने एका दुपारी मला तयार केलं. माझ्यात तिने सगळ्या भागांची नावं ओळीने मांडली आणि डोक्यावर लिहिलं, 'इथे सगळं मिळेल.' आता कुणालाही काहीही हवं असलं की माझं नाव घ्यायचं, बस्स. तेव्हा माझ्याकडे जेमतेम वीस नावं होती.

काय माझं कौतुक झालं म्हणून सांगू! साहेबांनी सगळ्यांना बोलावून मला पडद्यावर दाखवलं. "याला म्हणतात डोकं चालवणं," ते म्हणाले. ताईचे कान लाल झाले. मीही हुरळून गेले, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, माझ्या कामात एक खोट होती आणि ती कुणाच्याच लक्षात आली नव्हती. सुटा कोड एकत्र बांधून लोकांना दिसणारी वेबसाइट तयार करण्याला बिल्ड म्हणतात. काही बदललं की बिल्ड करावाच लागतो. त्या वेळी एखादं पान माझ्याकडे यायचं आणि म्हणायचं, मला एक बटण दे. मला मात्र नुसत्या बटणाला हाक मारताच येत नसे. माझ्या यादीतल्या प्रत्येकाला उठवायचं, उघडायचं, वाचायचं आणि मग त्यातून बटण काढून द्यायचं, अशीच माझी घडण होती. नकाशा उठायचा, आलेख उठायचा, ते आपल्याला लागणाऱ्या बाहेरच्या भल्यामोठ्या पॅकेजेसना उठवायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

वीस नावं होती तोवर निभलं. पण दर महिन्याला नवी भर पडत गेली आणि नऊ वर्षांत माझ्याकडे तीनशे बारा नावं झाली. त्यातले काही भाग तर केव्हाच वापरातून गेले होते, तरी मी त्यांनाही इमानेइतबारे उठवत होते. माझ्या नाकी नऊ आले होते. सुरुवातीला दोन मिनिटांत होणारा बिल्ड अडतीस मिनिटं घेऊ लागला. मंडळी बिल्ड लावून चहाला जात, चहा संपवून परत येत आणि पडद्याकडे बघून दुसऱ्या चहाला जात.

माझ्यावर कुणी शंकाच घेतली नाही. साहेबांनी नवं, दणकट यंत्र आणलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या.

मग तो मंगळवार आला. दुपारी तीनच्या सुमाराला ऑफिसातला फोन वाजला. पलीकडे एक माणूस होता. त्याची बायको ऑपरेशनच्या टेबलावर होती.

"तुमच्या पानावर बी निगेटिव्हच्या सहा पिशव्या दिसतायत," तो म्हणाला. "मी इथे रक्तपेढीच्या खिडकीशी उभा आहे. हे म्हणतात, एकही नाही!"

ताईने दोन मिनिटांत चूक शोधली. रक्तपेढीने शून्य कळवलं की पानाला वाटे, आकडा आलाच नाही, आणि ते बिनदिक्कत कालचा आकडा दाखवी. एका ओळीची दुरुस्ती होती. ताईने ती केली आणि बिल्ड लावला. पण पुढची अडतीस मिनिटं जुनं पान तसंच खोटं बोलत राहणार होतं. ते बंद करावं, तर बाकीच्या अठरा रक्तपेढ्यांची खरी माहितीही बंद झाली असती.

ती अडतीस मिनिटं मी विसरणार नाही. आत मी एकेकाला उठवत होते, तारखेला, नकाशाला, आलेखाला, पुन्हा तारखेला. बाहेर ताई खात्री करून घ्यायला एकेका रक्तपेढीला फोन लावत होती. पाचव्या फोनला पिशव्या सापडल्या आणि त्या माणसाला तिने तिकडे पाठवलं. पण तेवढ्या वेळात पानावर भरवसा ठेवून आणखी दोघं त्याच खिडकीशी पोचली. त्यांतली एक मुलगी वडिलांसाठी आली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाहून ती दोन बस बदलून आली आणि रिकाम्या हातांनी परत फिरली. पुढे तिच्या वडिलांचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यानंतर ताई हसेनाशी झाली. तिच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर प्रोग्रॅमर बसायचे. प्रत्येक गोष्ट मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून त्यांचं नाव मोजपट्टी पडलं होतं. आठवडाभर त्यांनी बिल्डमधला क्षण न् क्षण मोजला. मग एक कागद घेऊन ते ताईपाशी आले आणि नुसतेच घसा खाकरत उभे राहिले.

"बोला की, काका," ताई म्हणाली.

"यंत्राचा दोष नाही गं. सगळा वेळ एका फाईलपाशी जातोय." त्यांनी कागद पुढे केला. "तुझंच लेकरू आहे, म्हणून जीभ रेटत नव्हती."

ताईने तो कागद दोनदा वाचला. मला वाटलं, आता ही माझी बाजू घेईल. पण ती म्हणाली, "नऊ वर्षं हिच्यापायी शाबासकी घेतली. आता निस्तरायचंही मीच."

मला वाईट वाटलं. आणि खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं.

सहाशे चाळीस ठिकाणी माझं नाव होतं. ताई रोज थोडी थोडी ठिकाणं घेई, माझं नाव पुसून तिथे ज्याला त्याला नेमका जो भाग हवा त्याचाच पत्ता लिही आणि काम संपलेलं नाव माझ्या यादीतून काढी. बाकीच्यांनी कुरकुर केली. एवढे पत्ते कोण पाठ करणार, असं एकाने विचारलं.

"कुणी पाठ करायला सांगितलंय?" ताई म्हणाली. "नाव टाइप करायला लागलास की हा कोड लिहायचा एडिटर आपणहून पत्ता सुचवतो. नऊ वर्षांपूर्वी हे सुख नव्हतं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भावाला आईच्या गोळ्यांची चिठ्ठी सापडत नव्हती.

"आई तुझ्या शेजारच्या खोलीत आहे ना? मग तिलाच विचार की!" ताईने फोन ठेवला. मोजपट्टी गालातल्या गालात हसले.

तीन आठवड्यांनी माझ्याकडे एकच नाव उरलं, मग तेही गेलं. मोजपट्टी म्हणाले, "रिकामी राहू दे का हिला? आठवण म्हणून?"

ताईने माझं रिकामं पान एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "रिकामी ठेवली तर उद्या कुणीतरी पुन्हा भरेल, काका." आणि तिने मला काढून टाकलं. त्या दिवशी बिल्ड चार मिनिटांत झाला.

आम्ही फायली अशा पूर्णपणे मरत नाही. कुणी काय बदललं याच्या जुन्या नोंदींत आम्ही पडून असतो, म्हणून तर हे सारं सांगू शकते. दोन महिन्यांनी तिथे एक नवी नोंद माझ्यावर येऊन पडली. पानावर पुन्हा एक चुकीचा आकडा दिसला होता आणि एका बाईंनी घरून फोन करून तो विचारला होता. दुरुस्ती तीन वाजून दहा मिनिटांनी झाली आणि तीन वाजून चौदा मिनिटांनी ती लोकांपर्यंत पोचली. खाली ताईने लिहिलं होतं, 'फोनवरच्या बाईंना खरा आकडा घरातून निघण्याआधी दिसला.' ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचते.

मित्रांनो, जे हवं असेल तेवढंच मागा आणि ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच मागा. तुमच्या घरीदारी एखादं माणूस असेल, जे कधीच नाही म्हणत नाही आणि म्हणून सगळे त्याच्याच दारात जातात. त्याला अधूनमधून विचारत जा, दमलास का? मला नऊ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर ती मुलगी वडिलांसाठी चुकीच्या खिडकीशी गेली नसती.